अवज्ञेचे दफ्तर

ज्या सरकारच्या दफ्तरात एखाद्या कारकुनाच्या रजेचा अर्ज शेऱ्या-शिक्क्यांनिशी पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप नांदतो, त्याच सरकारने आपल्या बुद्धिवैभवाचा उत्तमोत्तम दाखला भट्टीत घालावा, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना राज्यकारभाराचे मर्म उमगलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे १९४४ च्या आरंभी ‘कोलॉसस’ नामक गणकयंत्र कामास लागले. जर्मन सेनापतींचे खलिते ज्या लॉरेन्झ यंत्रातून गूढ होऊन निघत, त्याच्या चक्रांची मांडणी हुडकण्यासाठी ते सेकंदाला पाच हजार अक्षरे वाचीत असे. त्याचे कर्ते टॉमी फ्लॉवर्स हे टपालखात्यातील अभियंते. युद्ध संपेतो अशी दहा यंत्रे सिद्ध झाली; ते संपताच बहुतेक मोडीत निघाली, आणि कागदपत्रे नष्ट करण्याचा हुकूम सुटला, तो फ्लॉवर्स यांनी टपालखात्याच्या डॉलिस हिल येथील भट्टीत इमानेइतबारे तामील केला. पुढे तसलेच यंत्र बांधण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले, तेव्हा असले यंत्र चालणे अशक्य, या सबबीवर अर्ज नामंजूर झाला. आणि ते चालून चुकले आहे, हे सांगण्याची अर्जदारास मुभा नव्हती.

१९७२ साली ब्रायन रँडेल या प्राध्यापकाने थेट पंतप्रधान हीथ यांना पत्र धाडून या यंत्राची माहिती खुली करण्याची विनंती केली. नकार तर आलाच. परंतु सरकार अगदीच पाषाणहृदयी नव्हते. त्याने यंत्राचा एक तांत्रिक इतिहास मुद्दाम लिहवून घेतला, आणि तोही गोपनीय ठरवून कुलपात ठेवला! एक गुप्त कागद मागावा आणि गुप्त कागदांच्या संख्येत एकाची भर पडावी, हे भाग्य सामान्य अर्जदाराच्या वाट्यास क्वचितच येते. काही छायाचित्रे तेवढी १९७५ मध्ये बाहेर आली.

पुढे टोनी सेल यांनी हे यंत्र पुन्हा उभारण्याचा घाट घातला, तेव्हा हाती होती १९४५ ची आठ छायाचित्रे आणि विद्युत्‌मंडलांच्या आराखड्यांचे काही तुकडे. हे तुकडे कोठून आले म्हणाल, तर काही जुन्या अभियंत्यांनी कायदा धाब्यावर बसवून ते घरी दडवले होते! उरलेसुरले तपशील अमेरिकेच्या दफ्तरखान्यातून १९९६ मध्ये मिळाले; कारण युद्धकाळात ब्लेचलीस आलेल्या अमेरिकन पाहुण्याने आपल्या वरिष्ठांना सविस्तर अहवाल धाडले होते, आणि परक्या दफ्तरापर्यंत डॉलिस हिलची भट्टी पोहोचत नव्हती. तात्पर्य, इतिहास वाचवला तो चोरांनी आणि पाहुण्यांनी. आज्ञाधारकाने दिली ती राख.

१९४५ साली लिहून ठेवलेला या साऱ्या कामगिरीचा सरकारी अहवाल अखेर २००० साली खुला झाला. फ्लॉवर्स १९९८ मध्येच निवर्तले असल्यामुळे, त्यांच्या हातून गोपनीयतेचा भंग होण्याची धास्ती तोवर पूर्णपणे टळलेली होती.