माळ्यावर चढलेला माणूस

अहो वहिनी, ऐकलंत का? इकडे या जरा, जास्वंदीच्या आडोशाला. हां, आता त्यांच्या गच्चीवरून दिसणार नाही. सकाळपासून कोपऱ्यावर ट्रक लागलाय, बघितलात ना? एकोणीस फुटी आहे. आमचे हे म्हणाले सतरा फुटी, मी म्हटलं लावा पैज. मग दळण टाकायला जाता जाता ड्रायव्हरलाच विचारलं. एकोणीसच!

तर मॅनेजरसाहेबांची बदली बंगळुरूला, हे काय तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पण सामान कुणाच्या हाती सोपवायचं यावरून त्या घरात पंधरा दिवस जे महाभारत झालं... अहो, त्यांची खिडकी उघडी असते हो. मी काय मुद्दाम ऐकत नाही.

सगळं सुरू झालं मॅनेजरीणबाईंच्या धाकट्या बहिणीपासून. गेल्या वर्षी ती पुण्याहून बंगळुरूलाच गेली ना. मोबाइलवर कुठेतरी नाव-नंबर भरला आणि दहा मिनिटांत अकरा फोन! सगळे तीस-पस्तीस हजार म्हणतायत, आणि एकानं सांगितलं अठरा. 'टू बीएचके ना मॅडम? ऑल इन्क्लुझिव्ह.' ही हरखली. घर बघायला कोणी आलंच नाही, माणसं आली ती थेट दोरखंड घेऊन. सामान चढलं, ट्रक गेला, आणि दुसऱ्या दिवशी फोन. 'सामान ठरल्यापेक्षा जास्त निघालं. अजून पंचवीस हजार पाठवा, नाहीतर गाडी कागलच्या पुढे जात नाही.' आता ठरलं म्हणजे काय ठरलं होतं? कागदावर एक ओळ नाही! वर म्हणे ई-वे बिल नव्हतं म्हणून गाडी अडवली, दंड भरायचाय. अहो, घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागतच नाही मुळी. पण तिला बिचारीला काय ठाऊक. चौकीवर गेली तर म्हणाले हा तुमचा आपसातला व्यवहार. तो ग्राहकांसाठीचा १९१५ नंबर आहे ना, तिथे तक्रार नोंदवली, पण तोवर पोर चार रात्री चटईवर झोपलं. शेवटी पंधरा हजारांवर तोडलं तेव्हा ट्रक हलला. मिक्सरचं भांडं एकच आलं. झाकणं मात्र तिन्ही.

तेव्हापासून मॅनेजरीणबाईंनी गाठ मारून ठेवली होती, फोनवर भाव घ्यायचाच नाही. जो घर बघेल त्यानं बोलायचं. तिघांना बोलावलं, एकाच रविवारी, एकेका तासाच्या अंतरानं. पूर्वी मुली बघायला यायचे ना, तसं. फक्त इथे परीक्षा येणाऱ्याची.

पहिला आला तो काय रुबाबात! इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. कार्डावर छापलेलं, 'सन १९८७ पासून आपल्या सेवेत.' सोफ्यावर बसला, बसल्या बसल्याच मान इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाला, बत्तीस हजार. बाईंनी चहा ठेवला आणि आत जाऊन त्याच्या कार्डावरचा जीएसटी नंबर मोबाइलवर टाकला. पंधरा अक्षरं-आकडे असतात ना त्यात, पहिले दोन राज्याचे. आपले २७. तेवढं बरोबर निघालं. पण सरकारी साइटवर नंबर टाकला की धंदा कुणाच्या नावावर, कसला, कधीपासून, चालू की बंद, सगळं समोर येतं. तर निघालं काय? रेडीमेड कपडे! नोंदणी गेल्या दिवाळीनंतरची. आता जीएसटीच मुळात २०१७ सालचा, त्यामुळे १९८७ तिथे दिसणार नाही हे बाईंनाही कळतं हो. पण गेली दिवाळी? बाहेर येऊन विचारलं तर चहाचा कप तोंडापाशीच थांबला त्याचा. म्हणाला, 'ती आमची सिस्टर कन्सर्न आहे.' आतून आजी, म्हणजे बाईंच्या सासूबाई, ओरडल्या, 'म्हणजे तुझी बहीण कपडे विकते होय रे?' अर्धा चहा टाकून गेला.

दुसरा गोडबोल्या. येता येताच आजींच्या पाया पडला, त्यामुळे आजी खूश. कागदावर मोठ्या अक्षरात 'आयबीए मान्यताप्राप्त.' आता तुम्हाला माहितीये, बँकवाल्यांना बदलीच्या सामानाचे पैसे परत हवे असतील तर बिल आयबीएच्या यादीतल्याच वाहतूकदाराचं लागतं. इंडियन बँक्स असोसिएशनची असते ती यादी. साहेब म्हणाले, वा, आमचं काम झालं. बाई म्हणाल्या, कागदावर तर मीही छापीन. यादी काढायला लावली. दोनदा वरून खाली बघितली. नाव नाही! त्यावर तो साहेबांच्या कानाशी लागून काय म्हणाला माहितीये? 'साहेब, यादीतल्या कंपनीच्या नावाचं बिल मिळेल की. हवं तेवढ्या रकमेचं.' आणि आपले साहेब, अहो, चक्क विचारात पडले हो! बाईंनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. चेहरा असा उतरला म्हणता... आमच्या खिडकीतून पाठच दिसत होती, पण पाठीवरूनसुद्धा कळलं.

मग इन्शुरन्सचं काढलं. 'तीन टक्के द्या, सगळं कव्हर.' बाई म्हणाल्या, पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची? माझ्या नावावर येणार का? तर म्हणे, नाही, आमचंच असतं, काही झालं तर आम्ही बघून घेतो. म्हणजे फोडणारेही तेच आणि भरून देणारेही तेच! आणि पैसे? ऐंशी टक्के आगाऊ, तेही कंपनीच्या खात्यात नाही, कुणा भलत्याच्याच यूपीआयवर. चौतीस हजार म्हणाला होता, 'जीएसटी नको असेल तर कच्च्यात करू.' कच्च्यात केलं तर उद्या भांडायला हातात काय, सांगा बरं.

तर काय सांगत होते... हां, तिसरा.

तिसरा आला तो साठीचा माणूस. चपला दाराबाहेर, खिशाला पेन. चहा नको म्हणाला. पहिला प्रश्न काय? 'घरात शिडी आहे का?' आणि चढला की माळ्यावर! वहिनी, पुरुष माणूस आपणहून माळ्यावर चढलेला मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. वरून एकेक वस्तू पुकारतोय आणि पोरगी खाली वहीत लिहितेय. बंब, पाटा-वरवंटा, साहेबांची पेटी, म्हणजे वाजवायची हो, आणि... पितळी समयांचा जोड.

आता ऐका. त्या समया आजींनी चार वर्षांपूर्वी सुनेला दिलेल्या. वाड्यावरच्या, कंबरेएवढ्या उंच. सुनेनं तेव्हा सांगितलं होतं, माहेरी पूजा आहे म्हणून तिकडे दिल्यात. आणि इथे माळ्यावरून आवाज येतोय, 'समया दोन, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, अजून सोडलेल्या नाहीत.' आजी काही बोलल्या नाहीत. नुसतं सुनेकडे बघितलं. दोन तास दुसऱ्यांची परीक्षा घेणाऱ्या बाई, पण त्या क्षणाला त्यांना कुठे बघू झालं. तो बिचारा वरून विचारतोय, 'या न्यायच्या का ठेवायच्या?' आजी म्हणाल्या, 'न्यायच्या. आणि तिथे लावायच्याही.'

खाली उतरून त्यानं कपाट मापलं, जिना मापला. बंगळुरूला कितवा मजला, लिफ्टमध्ये सोफा मावतो का, सोसायटीत ट्रक आत सोडतात की फाटकावरच थांबवतात, सामान चढवायला वेळ ठरलेली आहे का, सगळं विचारलं. आपलं काय होतं, इथलं घर दाखवतो आणि तिथलं विसरतो. मग ऐनवेळी ट्रक फाटकाबाहेर उभा आणि हमाल म्हणतात, लांब चालायचे वेगळे पैसे. गॅसचा सिलिंडर नेणार नाही म्हणाला, तो आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्या. ते आपल्यालाही माहीत होतं. पण लोणचं नेणार नाही म्हटल्यावर आजी पुन्हा उठल्या! तेल गळलं तर गाद्या जातात आणि विमावालाही हात वर करतो, असं त्यानं समजावलं. तेव्हा कुठे ऐकल्या.

भाव मात्र सेहेचाळीस हजार, वर जीएसटी. साहेब मटकन बसले. पण त्यात काय काय हे सगळं लिहून दिलेलं. पॅकिंग, चढवणं, उतरवणं, पलंग सोडून पुन्हा जोडणं. ट्रक पूर्ण यांचाच, पार्ट लोड नाही, वाटेत गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचं नाही. मोडतोड होते ती तिथेच हो, आणि सामान अडकतं तेही तिथेच. विमा खऱ्या विमा कंपनीचा, बाईंच्या नावावर, त्याचे पैसे वेगळे. आगाऊ फक्त पाच हजार. आणि यादीत हे नाव होतं! साहेबांनी तीनदा बघितलं.

तरी बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. अ‍ॅक्टिव्हा काढून आडगाव नाक्याकडे त्याचं गोदाम बघून आल्या. पाटी आहे, माणसं आहेत, पत्रा गळत नाही. मग त्याची जुनी गिऱ्हाइकं दोन गाठली फोनवर. सामान नीट आलं का, असं नाही विचारलं हं. विचारलं, 'काय फुटलं, आणि फुटल्यावर हा माणूस काय म्हणाला?' मला पटलं बाई हे. काहीच फुटलं नाही असं सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. एकीकडे काचेचं टेबल तडकलं होतं, दोन महिन्यांत पैसे मिळाले म्हणे.

आज सकाळी तर बघण्यासारखं होतं. ट्रकच्या नंबराचा फोटो, ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो, प्रत्येक खोक्यावर आकडा. बिल्टी हातात आल्याशिवाय फाटक उघडू देईनात. वकीलकाकांनी सांगून ठेवलंय ना, काही हरवलं-मोडलं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, आणि त्याला बिल्टी लागते. खोकी झाली त्रेसष्ट. समयांचं खोकं आजींनी स्वतः चिकटपट्टी लावून बंद केलं. देव मात्र मांडीवर घेऊन जाणार आहेत गाडीत.

लोणच्याच्या बरण्या? आल्यात हो माझ्याकडे. दोन. नाही, एकच म्हणा, दुसरी अर्धीच आहे... देईन हो तुम्हाला वाटीभर.

बरं, ते राहू द्या, खरी बातमी तर पुढेच आहे. त्या घरात परवापासून भाडेकरू येतायत ना, ठाण्याचे? तरुण जोडपं. ती मुलगी काल किल्ली घ्यायला आली होती. मी आपलं सहज विचारलं, सामान कुणाकडे दिलंत? म्हणाली, 'काकू, मस्त डील मिळाली, फोनवरच ठरवलं, नऊ हजार फक्त!' मी गप्प बसले. काय बोलणार, आधीच पैसे दिलेले. तर आज सकाळी तिचा फोन मॅनेजरीणबाईंना. ट्रक म्हणे काल संध्याकाळपासून इगतपुरीला उभा आहे, आणि ड्रायव्हर... थांबा, फाटकाशी रिक्षा थांबली वाटतं. अगंबाई, तीच! हातात नुसती एक बादली आणि झाडू. चला वहिनी, तुम्ही पण चला. चहा तरी विचारू या तिला.