पंखा जरा वाढवा

गणपतीत मी स्टेजवर लॅपटॉप घेऊन बसतो. गायिका गाते, तबलजी घाम गाळतो आणि मी माऊस हलवतो. मागच्या सगळ्या सुरावटीचा कारभार खरं तर माझ्याच हातात असतो. पण मागच्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी आपुलकीने विचारलं, "झालं का हो तिकीट कन्फर्म?"

त्याच रात्री ठरवलं, आपल्याला नॉब पाहिजेत. नॉब पिळणारा माणूस काहीतरी करतोय असं वाटतं. तंबोरा जुळवणाऱ्याकडे पाहा. खुंटीवर हात, डोळे मिटलेले, सूर लागो न लागो, मान हलतेच. अर्धी मैफल तिथेच खिशात.

नॉब फिरवून लॅपटॉपला आकडे पाठवणारे मिडी कंट्रोलर बाजारात तयार मिळतात. पण तयार घेतला की "हा मी घरी बनवलाय" असं सहज, कुणी विचारलेलं नसताना सांगता येत नाही. म्हणून तपकीर गल्ली गाठली. सोळा नॉबचा बेत होता. माझ्या आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या सर्किट बोर्डाला नॉब जोडायच्या अॅनालॉग जागा बाराच निघाल्या आणि माझ्या उत्साहाला आठ.

"दहा केचे पॉट द्या," मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो. पॉट म्हणजे नॉबखाली बसतो तो फिरणारा भाग.

"ए की बी?"

शाळेपासून ज्याची हाव होती ते अक्षर तोंडातून निघून गेलं. "ए." ए म्हणजे लॉग, आवाज कमीजास्त करायला चांगला. मिडीला लागतो बी, सरळ चढणारा. माझे नॉब अर्ध्या फेरीपर्यंत ढिम्म आणि मग एकदम अंगावर, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने काही न बोलता बीची पिशवी पुढे केली. न बोलण्याचे पैसे वेगळे लावले नाहीत, एवढंच.

मग डाग देणं. पॉटला तीन पाय: कडेच्या एकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड, मधल्यातून निघतो तो आकडा. मी पुढून चित्र काढलं आणि मागून डाग दिले. आरशात भांग पाडावा तसं झालं. आठही नॉब उजवीकडे फिरवले की आवाज कमी. रात्री दोनपर्यंत बसून मी ते सगळे डाग काढले. सकाळी लेक चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅममध्ये 127 वजा लिहिलं असतंत तर?"

127, कारण मिडीत कंट्रोलची किंमत शून्य ते 127 एवढीच. मिडी म्हणजे वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा, 1983 सालची. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6, एका वायरने जोडले आणि ते एकमेकांशी बोलले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांनी पुढाकार घेतला आणि ही भाषा रॉयल्टीविना सगळ्यांना खुली ठेवली. आमच्या ए आणि बी विंगचं अजून पार्किंगवरून जमलेलं नाही.

आर्डुइनो शून्य ते 1023 मोजतो, त्याला आठाने भागायचं. भागलं. तरी हात न लावता आकडा 63, 64, 63 असा थरथरत लॅपटॉपला निरोप पाठवतच होता. बायकोला दाखवलं. म्हणाली, "प्रत्येक गोष्ट कळवायची कशाला? काही विशेष असेल तरच बोलायचं म्हणावं." तेच लिहिलं. नॉब गप्प झाला. वाक्य कुणाला उद्देशून होतं, ते मी विचारलं नाही.

राहिला डबा. इलेक्ट्रिकलच्या दुकानात आठ बाय दहाचा सनमायका लावलेला लाकडी बोर्ड मिळाला. आठ भोकं पाडली, नॉब बसवले, लांब धरून पाहिलं आणि पोटात गोळा आला. हा आमच्या जुन्या घरातला स्विचबोर्ड होता.

त्या बोर्डाशेजारी पंख्याचा रेग्युलेटर असायचा. काळा, बॅकेलाइटचा, अर्धा किलो पेढ्यांच्या डब्याएवढा. एक ते पाच आकडे. आप्पांचा आकडा दोन, आईचा पाच. दोनवर वीज वाचते हा आप्पांचा सिद्धांत. आत तारेचं वेटोळं असतं, वाचलेली बरीचशी वीज त्यातच तापून जाते, हे मी कॉलेजात शिकून आल्यावर त्यांना ऐकवलं. त्यांनी रेग्युलेटरवर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "थंडीत शेकायला बरा." रात्री एकला आई उठायची, तीनला आप्पा. अंधारात कोण उठलंय ते मला झोपेतही कळायचं. आईचे तीन खटके एका दमात, खटखटखट. आप्पांचे एकेक, मध्ये थांबून, ती जागी झाली का ते ऐकत. सकाळी दोघंही त्या विषयावर बोलत नसत. मी आणि ताई पैज लावायचो, उजाडताना काटा कुठे असेल. ताई नेहमी पाच म्हणायची आणि बहुतेक वेळा जिंकायची, कारण आईला पहाटे पाणी भरायला उठावंच लागायचं.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. आता रेग्युलेटर काडेपेटीएवढा आहे, खटकाही होत नाही. आप्पांच्या खोलीत तो पाचवर असतो आणि आप्पा शाल पांघरून बसतात. एकदा मी कमी करायला गेलो. "असू दे," ते म्हणाले, "बिल मी भरतोय ना?"

तर यंदाचा गणपती. बोर्ड टेबलावर, प्रेक्षकांकडे किंचित कलता, दिसावा म्हणून. दुसऱ्या गाण्याला गायिकेने आलाप घेतला. मी डोळे मिटले आणि तिसऱ्या नॉबवर हात ठेवला, तंबोरेवाल्याची आठवण ठेवून. खांद्यावर कुणीतरी टिचकी मारली. सोसायटीचे सेक्रेटरी स्टेजच्या कडेला वाकून उभे.

"मागे वारं येत नाही. पंखा जरा वाढवा."

सांगणार काय? मी नॉब शेवटपर्यंत फिरवला, थेट 127. फिल्टर पूर्ण उघडला, मागचा सूर मांडवभर पसरला.

"हां," सेक्रेटरी म्हणाले, "आता कसं!" आणि समाधानाने जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या रांगेत आप्पांनी शाल कानावरून ओढून घेतली.