पॉइंटाशेजारी पेन्शन

सांगलीच्या माणसाला निवृत्तीनंतर पाचगणी-महाबळेश्वरला घर घ्यावंसं वाटण्याची वेळ ठरलेली असते. मे महिना, सहलीचा तिसरा दिवस, सकाळी साडेआठ. खाली सांगलीत पारा चाळिशीला टेकलेला, इथं टेबललँडवर सौभाग्यवतींनी शाल लपेटलेली, हातात चहा, घोड्यावर बसवलेला नातू दूर ठिपक्याएवढा झालेला. तेवढ्यात कुणीतरी बोलून जातं, ‘‘रिटायर झालो की इथंच राहायचं बघा.’’ असं बोलणाऱ्याला तसंच गाडीत बसवून पसरणी घाट उतरवावा. तो उतरलाच नाही, तर पुढचं मार्गदर्शन त्याच्यासाठी. मीही उतरलो नव्हतो.

अमेरिकेत डिस्नेवर्ल्डच्या आसऱ्यानं म्हातारपण काढायला फ्लोरिडात घर घेणारे लोक आहेत. त्यांना हसू नये. आपल्याकडे वेण्णा तलाव आहे. नाव आहे, घोडा आहे, पाळणा आहे, मक्याचं कणीस आहे, बंदुकीनं फुगे फोडायची सोय आहे. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली हा तलाव बांधला तो गावाला पाणी मिळावं म्हणून. त्याची आज जी बारमाही जत्रा झाली आहे तिला महाराजांचा इलाज नाही.

जागा घेण्याआधी इतिहास वाचावा, म्हणजे आपण पहिले नाही एवढं तरी समाधान मिळतं. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वरची जागा कंपनी सरकारला दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. हा या डोंगरावरचा सर्वांत सरळ जमीनव्यवहार समजावा. त्यात एजंट नव्हता. गव्हर्नर माल्कमच्या नावानं पेठ वसली, उन्हाळ्यात साहेब लोक वर येऊ लागले, पण पावसाच्या तोंडावर झाडून सगळे खाली पळायचे. पावसाळ्यातही मुक्काम हलवायची मुभा नसलेली मंडळी म्हणजे इथल्या तुरुंगातले चिनी कैदी. ते बटाटे आणि भाज्या पिकवायचे. निवृत्तांनी या दाखल्याकडे दुर्लक्ष करू नये.

पुढं साहेबाच्या लक्षात आलं की पाऊस जरा कमी असलेली जागा एकोणीस किलोमीटर अलीकडेच आहे. जॉन चेसनकडे पाचगणीचा कारभार आला आणि त्यानं सिल्व्हर ओकची झाडं लावून गाव सजवलं, ते निवृत्त इंग्रजांना बारमाही राहता यावं म्हणून. म्हणजे आपण ज्याला स्वप्न म्हणतो ती मुळात दीडशे वर्षांपूर्वीची सरकारी योजना आहे. पेन्शनर मंडळी आली, गेली. त्यांच्या बंगल्यांत आता शाळा आहेत. ज्या गावात म्हाताऱ्यांसाठी बांधलेली घरं अखेर पोरांच्या वसतिगृहांना लागली, तिथं आपण जातो आहोत हे ध्यानात ठेवावं.

आता प्रत्यक्ष खरेदी. एजंट तुम्हाला मे महिन्यात जागा दाखवील. तुम्ही जुलैत बघायला या. ‘‘साहेब, व्हॅली व्ह्यू आहे,’’ असं तो म्हणाला की व्हॅली दाखव म्हणावं. धुक्यात त्याला स्वतःची गाडी सापडली तरी पुष्कळ. सातबारा बघावा. शेतजमीन असेल तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि तासगावच्या मामाची द्राक्षबाग तो पुरावा होत नाही. जमीन एनए आहे का ते विचारावं. ‘‘होऊन जाईल’’ या उत्तराचा अर्थ ‘नाही’ असा घ्यावा. जानेवारी २००१ मध्ये केंद्रानं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे इथं झाड तोडायला, डोंगर कापायला, मजला चढवायला आडकाठी आहे. ती असावीच, असं माझं स्वतःचं घर उभं राहिल्यापासून ठाम मत आहे.

गृहप्रवेश झाला की तुमची नवी नोकरी सुरू होते. तिला पगार नाही, रजा नाही. मेव्हण्याचा फोन येतो तो मिरजेतून नव्हे, घाटातून. ‘‘भावजी, तुम्ही घरातच हाय न्हवं? चढतोय बघा पसरणी. सात जण हाय, पण दोन बारकी हायती.’’ त्यानंतरचे तीन दिवस ठरलेले. पहिल्या दिवशी पारसी पॉइंटवरून धोमचं पाणी आणि कमळगड दाखवणे. दुसऱ्या दिवशी पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्योदय. तिथं सगळे कुडकुडत उभे राहतात आणि सूर्य उगवल्यावर ‘‘आपल्याकडं पण असाच दिसतो’’ असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी वाटेत गुरेघरला मॅप्रो गार्डन, दुपारी वेण्णा तलाव, संध्याकाळी मुंबई पॉइंट.

वेण्णाकाठचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे धंद्याचं स्वरूप कळेल. बायको, मेहुणी आणि पोरं नावेत. मी काठावर आठ चपलांचे जोड, दोन पर्स आणि एक कागदी प्लेट सांभाळत उभा. प्लेटमध्ये कॉर्न पॅटिस. त्यावर एका माकडाची आणि माझी एकाच वेळी नजर. शेजारून घोडेवाला गेला. पूर्वी तो ‘‘साहेब, एक राउंड?’’ म्हणायचा. आता म्हणाला, ‘‘काय काका, आज कोणाकडचे?’’ त्या दिवशी मी पर्यटकाचा कर्मचारी झालो, हे मला माकडानं पॅटिस नेल्यावर उमगलं.

स्ट्रॉबेरीचंही सांगून ठेवतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पहिल्या हिवाळ्यात आपण ती क्रीम घालून खातो, दुसऱ्या हिवाळ्यात तिचा मुरंबा करतो, तिसऱ्या हिवाळ्यात शेजाऱ्यानं करंडी आणून दिली की ती तशीच पुढच्या घरी पाठवतो. चवथ्या वर्षी मंडईत चांगली मेथी मिळाली तर आनंद होतो.

आणि मग पाऊस येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. सांगलीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आकडा वाचून काही कळत नाही. कळतं ते असं: मिठाच्या बरणीत सकाळी मीठ असतं, संध्याकाळी खारं पाणी असतं. काडी ओढली की गूल निघून येतो आणि काडी ओली ती ओलीच. जूनमध्ये धुतलेली बनियन आपण शेगडीवर वाळवतो आणि सप्टेंबरपर्यंत अंगाला धुराचा वास घेऊन हिंडतो. कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, वीज असेल तेव्हा. बुटांना बुरशी येते, पट्ट्याला येते, एकदा चष्म्याच्या घरालाही आली होती. पूर्वी घरांना चहूबाजूंनी गवताचे झाप बांधायचे, आता निळं प्लॅस्टिक असतं. आत बसलं की पार्सलमध्ये बसल्यासारखं वाटतं. गुडघ्यांचं काय होतं ते विचारू नये. पॉइंट जागच्या जागी असतात, दिसत नाहीत. अशा जुलैत चिनी कैद्यांची फार आठवण येते.

यात सांगलीकराची एक खास पंचाईत आहे. २००५ ला घरात पाणी, २०१९ ला पाणी, २०२१ ला पुन्हा पाणी. पुराला कंटाळून तर आम्ही उंचावर आलो. पण कृष्णा उगम पावते ती इथंच, जुन्या महाबळेश्वरात. आमच्या पन्हाळीचं पाणी ओढ्यानं धोमला जातं, तिथून वाईचे घाट, कऱ्हाडला कोयनेची भेट आणि मग थेट आयर्विन पुलाखाली. तिथं चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्यामुळे ऑगस्टमध्ये भावाचा फोन येतो तो तब्येत विचारायला नसतो. ‘‘दादा, वर किती पडतोय?’’ मी म्हणतो, धो धो. पलीकडून असा सुस्कारा येतो की जणू नळ मीच सोडला आहे.

औषधपाण्याचं आधीच ठरवून ठेवावं. सर्दी-पडसं वर निभतं. मोठं दुखणं निघालं की घाट उतरून वाई, नाहीतर सातारा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि दिवाळीची गर्दी तेव्हाच घाटात अडकलेली असते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला तीन तास एका बसच्या मागे उभं राहावं लागतं.

माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका शहाण्यानं साताऱ्यात फ्लॅट घेतला. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. सकाळी अजिंक्यताऱ्याकडे फिरायला जातो, दुपारी झोपतो, फुलांच्या दिवसांत तिकीट काढून कासला जाऊन येतो आणि आमच्याकडे वर्षातून एकदा, मे महिन्यात, तीन दिवस राहतो. चवथ्या दिवशी सकाळी साडेआठला शाल पांघरून म्हणतो, ‘‘मजा आहे बुवा तुमची.’’ आणि जातो.

तरीही यायचंच असेल तर या. येताना सांगलीचं भडंग आणा, पण छोट्या पुड्यांत, प्रत्येक पुडी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. पावसाळ्यात इथं पुडी उघडली की दहा मिनिटांत मऊ पडतं.