वरचं टिंब, खालचं टिंब

गाणं मला येत नाही, पण वाचन येतं. लोकलमध्ये तिघांच्या खांद्यांवरून चौथ्याच्या हातातला अग्रलेख वाचून त्यावर मत देणारा माणूस आहे मी. त्यामुळे लेकीच्या गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षेत परीक्षक कधी न पाहिलेली स्वरलिपी पुढ्यात ठेवून गायला सांगू शकतात, असं क्लासच्या ताईंनी म्हटल्याबरोबर ते खातं मी स्वतःकडे घेतलं. आलाप-ताना ताईंकडे, वाचन माझ्याकडे. अख्ख्या बदलापूर गावात याला माझ्याइतका लायक माणूस नव्हता. बायकोचं मत मी विचारलं नाही.

पुस्तकं आणली, तर लिप्या निघाल्या दोन, आणि तिथेच माझा मुक्काम पडला. वाळकेश्वरचे भातखंडे पेशाने वकील, त्यांची लिपीही तशीच चोख. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. खालचं खाली, वरचं वर. यावर कोण हरकत घेणार? पण कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत वरचं टिंब म्हणजे मंद्र! तार सप्तकाला त्यांनी डोक्यावर उभी रेघ दिली. तीच उभी रेघ भातखंड्यांच्या मध्यमावर दिसली की तो तीव्र. भातखंड्यांचं शून्य म्हणजे तालातली खाली, पलुस्करांचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. समेला पलुस्कर १ लिहितात, भातखंडे फुली मारतात. आमच्या शाळेत फुली चुकलेल्या उत्तरावर पडायची, त्यामुळे भातखंड्यांची सम आली की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

हे ज्ञान एकट्याने बाळगणं मला जमेना. सकाळच्या गाडीत अंबरनाथपर्यंत टिंबं, उल्हासनगरपर्यंत रेघा, आणि कल्याणला गर्दी चढली की व्याख्यान सक्तीने समाप्त. आमच्या ग्रुपने हल्ली पुढचा डबा धरलाय.

लेक मात्र कागद हातात घ्यायची, क्षणभर बघायची आणि गायला लागायची.

‘आधी चिन्हं ओळख,’ मी म्हणायचो.

‘ओळखली, बाबा.’

‘मग सांग की.’

‘गाऊन सांगितली ना!’

मे महिन्यातलं बदलापूर. पंख्याने पानं उडतात म्हणून मी पंखा बंद करायचो, आणि विद्यार्थिनीआधी शिक्षकाचाच घसा सुकायचा.

पुस्तक चाळताना एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. लहानपणी फटाक्याने पलुस्करांचे डोळे अधू झाले होते. ज्याला कागद नीट दिसत नव्हता, त्या माणसाने इतरांना वाचता यावं म्हणून स्वर कागदावर आणले, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि घराण्यांच्या बंद दारांआडचं गाणं वर्गात आणून बसवलं. आणि आम्ही पालक? दहावीला जादा गुण किती मिळतात, ते बोटांवर मोजतो. क्लासबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभं राहून आत कोणता राग चाललाय हे कुणी विचारत नाही. ‘तुमची कितवी परीक्षा?’ एवढंच विचारतात. याची मला मनापासून चीड आहे. विचारणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात खणखणीत असतो, ते सोडा.

पण अनोळखी ओळ पुढे आली, ती कुठे नेणार हे ठाऊक नसलं, तरी ही पोर पहिला सा शांतपणे लावते. त्या वेळी तिच्या डोक्यात गुण नसतात, हे समोर बसलेल्याला कळतं. पन्नाशीतला मी बँकेतला साधा फॉर्मसुद्धा आधी कुणीतरी भरलेला नमुना बघितल्याशिवाय भरत नाही. हे धैर्य हिच्यात आलं कुठून? माझ्याकडून नाही, एवढं मी लेखी देतो.

परीक्षेच्या दिवशी मी कडक इस्त्रीचा झब्बा घालून निघालो, तर लेकीने दारातच अडवलं.

‘बाबा, तुम्ही फाटकाबाहेर थांबा. आणि प्लीज, खिडकीतून मान डोलवू नका. मागच्या परीक्षेला तबलेवाल्या काकांची सम तुमच्यामुळे चुकली होती.’