संकल्पभाऊ

वाशीम जिल्ह्यात वर्ष नेमकं कधी लागतं, हे पंचांगात शोधू नये, संकल्पभाऊंना विचारावं. इंग्रजी वर्ष एक जानेवारीला. सालगड्याचं साल पाडव्याला. कचेरीचं एक एप्रिलला, पेरणीचं मृगाला, पोरांचं शाळा उघडली की. व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीत बदलतात. शिवाय १ जुलै १९९८ ला आपला जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हा भाऊंच्या लेखी तोही एक वर्षारंभच. जानेवारीत सुटलेला संकल्प पाडव्याला धरायचा, पाडव्याला सुटलेला मृगाला. हाताला काम कायम.

हा गृहस्थ तुम्हाला वाशीमच्या पाटणी चौकात भेटेल, रिसोडच्या एसटी स्टँडवर भेटेल, कारंज्यात गुरुमंदिराच्या रस्त्यालाही भेटेल. नाव वेगळं, नग तोच. पंचेचाळिशी उलटलेली, बेताची नोकरी, गावाकडे पाच-सहा एकरांत सोयाबीन आणि तूर, खिशाला दोन पेन आणि काखेत कृषी केंद्रवाल्याने दिलेली फुकटची डायरी.

ही डायरी एकदा माझ्या हाती लागली. पहिल्या पानावर ‘जय गजानन’. खाली पट्टीने रेघ मारून चार कलमं: पहाटे पाचला उठणे, इंग्रजीचे दहा शब्द, रोज एक पान लिहिणे, खर्रा बंद. शेवटच्या कलमाखाली दोन रेघा. पुढची पानं मोत्यासारख्या अक्षरात. संक्रांतीच्या सुमाराला ‘आज विशेष काही नाही’ असं एक पान येतं, मग तुरीचा भाव, मग कुणाला तरी दिलेले उसने पाचशे. आणि तिथून पुढे दुसरंच अक्षर सुरू होतं: दूध दोन लिटर, दूध दोन लिटर, दूध तीन (पाहुणे). हे वहिनींचं. थेट एकतीस डिसेंबरपर्यंत एक दिवस खाडा नाही. मी तसं बोलून दाखवलं, तर भाऊ म्हणाले, “वस्तू वापरात राह्यली पाह्यजे ना बापा!”

खर्ऱ्याचंही त्यांनी निभावून नेलं आहे. विकत घेणं बंद. दुसऱ्याने पुढे केला तर माणसाचं मन मोडू नये, एवढंच. हे ऐकून चौकात लोक हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या खिशात पुडी असते, ती गोष्ट वेगळी.

पहाटे पाचच्या बाबतीत मात्र मी भाऊंच्या बाजूचा आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि शेतीची लाईन रात्रीची. मध्यरात्री दोनला उठून मोटर सुरू करायची, थंडीत चिखल तुडवत स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, वर रानडुकरं आणि रोही हाकलायचे. आरोग्याची पुस्तकं ज्या वेळी उठायला सांगतात, त्या वेळी हा माणूस घोंगडी ओढून आडवा होतो. “पाचले उठाचं होतं, पाचले झोपलो,” भाऊ म्हणाले. “टाइम तं पाळला!”

शिकण्याची हौसही दांडगी. हार्मोनियम झाली, तिच्यावर आता टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आहे. शेअर बाजार झाला. त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे. मागच्या दसऱ्याला ब्राह्मी लिपी धरली. कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की आपलं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, आणि दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथेच १९३९ मध्ये सापडला. “आपल्या गावचा ताम्रपट आपल्याले वाचता येत नाई, म्हंजे काय?” पहिल्या रात्री त्यांना ‘क’ आला, कारण अशोककालीन ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे सरळ अधिकाचं चिन्ह. दुसऱ्या रात्री कळलं, की वाकाटकांची अक्षरं त्याहून निराळी, डोक्यावर पेटी घेतलेली, आणि मजकूर बराचसा प्राकृत. तिथे अभ्यास थांबला. पण आलेलं अक्षर वाया कसं घालवायचं? किराण्याच्या चिठ्ठीत भाऊंनी कांदे ब्राह्मीच्या ‘क’ने लिहिले. दुकानदाराला वाटलं, जास्तीचे हवेत. त्याने दुप्पट तोलले. पंधरा दिवस घरात पिठलं, झुणका, भजी. वहिनींनी ब्राह्मीचं नाव काढायचं नाही असा संकल्प सोडला, आणि तो पाळलाही गेला.

२०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. बाकीचे लोक आपण मागे आहोत म्हणून खंत करत बसले. भाऊंनी मात्र ती आपली व्यक्तिगत शिफारस मानली. “सरकारनंच लिहून देल्लं भाऊ, आता मागं हटाचं नाई,” म्हणत त्यांनी त्याच आठवड्यात योगासनाची चटई आणली. सध्या तिच्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळतात.

एक संकल्प मात्र भाऊंनी तडीस नेला, हे नमूद केलं पाहिजे. आषाढीला चातुर्मास धरला आणि कारलं सोडलं. चार महिने पाहिलंसुद्धा नाही. पंगतीत वाढप्याला हात आडवा केला, पाहुण्यांनी आग्रह केला तेव्हा कानाला हात लावला. गल्लीत नाव झालं. कार्तिकी उलटली आणि पारण्याला वहिनींनी मोठ्या कौतुकाने चिंच-गूळ घालून कारल्याची भाजी केली. भाऊंनी ताटाला नमस्कार केला, वाटी हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाले, “मार्गशीर्षाचंबी धरलं हाये.”