खणकाका

बँकेतून निवृत्त झालेला माणूस एकतर टेकडी चढतो, नाहीतर शेअर बाजारात उतरतो. आमच्या सोसायटीतल्या काकांनी तिसरंच काढलं. नातीनं सहज विचारलं, "आबा, तुमची पर्सनल स्टाइल काय?" आणि काकूंनी आणलेल्या फिक्या हाफ शर्टांत उभी नोकरी काढलेला माणूस गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून दाढी वाढू लागली.

असे काका हल्ली पुण्यात गल्लोगल्ली दिसतात. कोरलेली पांढरी दाढी, हातमागाचा कुर्ता, वर खणाचं जाकीट. "मी गर्दीत वेगळा दिसतो," हे सगळ्यांचं एकच वाक्य. आमच्या काकांचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी प्रेरणेचं रजिस्टर घातलं. रकाने आखलेले : कुणाच्या अंगावर पाहिलं, कुठे पाहिलं, अंदाजे खर्च, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'सौ. नाही म्हणाल्या' असं आहे.

पहिलीच नोंद स्मिता पाटील यांची. मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा त्या जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, असं सांगतात. हातमागाची साडी, ठसठशीत कुंकू यातलं काकांना काही घेण्यासारखं नव्हतं. त्यांनी तत्त्व उचललं. सोसायटीची ऑनलाइन मीटिंग असली की कमरेच्या वर कुर्ता-जाकीट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. एकदा मीटिंग सुरू असतानाच दाराची बेल वाजली आणि काका उठले. त्या दिवशी लिफ्टचा विषय तहकूब झाला.

खरी गोष्ट मात्र जाकिटाची. ओटीत आलेले खण हे तसं चलनच. या घरातून त्या घरात फिरत राहतं. काकूंच्या कपाटातले दोन खण त्यातले नव्हते. ते बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे अस्सल, काकूंच्या आईनं दिलेले. काकू भिशीला गेल्या असताना काकांनी ते परस्पर शिंप्याकडे नेले. मास्तरांनी कापड फळीवर पसरलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या पोटाकडे. "साहेब, हा चोळीचा माल. पन्हा बघा की केवढा!" काका म्हणाले, जोड द्या. मास्तरांनी पाठीवर मधोमध जोड दिला, पण कापड पुरवताना डावा तुकडा उलटा लागला आणि त्यावरचे रथ चाकं वर करून पडले. काकांनी आरशात पाठ पाहिली. क्षणभर चेहरा उतरला, मग म्हणाले, "राहू द्या. ही माझी सिग्नेचर."

काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. आत इरकली होती.

पुढं जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. इकडे गहजब झाला, आणि मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे त्या कंपनीला मान्य करावं लागलं. काका खूश. "बघ, एवढी मोठी माणसंसुद्धा प्रेरणा घेतात!"

"हो ना," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मागं देवळाबाहेरून तुमच्या नव्या चपलांची प्रेरणा कुणीतरी घेतलीच की."

तरी कोल्हापुरी आलीच, तीही करकर वाजणारी. आठवडाभर तिला तेल पाजलं, अंगठ्याला पट्टी चिकटवली आणि डिसेंबरात सगळा सरंजाम अंगावर चढवून काका 'सवाई'ला निघाले. पुण्यात कपडे दाखवायला याहून चांगली जागा नाही, आणि गाणंही असतं. विलंबित ख्याल रंगात आला असताना काका जागेवर बसायला निघाले आणि त्यांच्या प्रत्येक पावलागणिक मंडपातल्या माना वळत गेल्या. तबलजीनंसुद्धा एकदा इकडे पाहिलं. ही दाद आहे असं समजून काकांनी पाठीवरचा जोड नीट दिसेल असा शेला सरकवला.

मध्यंतरात खाण्याच्या स्टॉलवर रांग होती. पुढच्या गृहस्थांच्या पाठीवर खणाचं जाकीट, मधोमध जोड, डाव्या बाजूला रथ उलटे. काकांच्या हातातली भज्यांची बशी थरथरली. चौकशी केली तेव्हा ते गृहस्थ अभिमानानं म्हणाले, "आमचे मास्तर म्हणाले, सध्या हीच फॅशन आहे. एका बड्या साहेबांनी खास काढलीय." मास्तर एकच निघाले. "ही सरळसरळ चोरी आहे," काका पुटपुटले, पण बडे साहेब म्हणजे आपणच, हे सांगण्याचा मोह काही आवरला नाही. त्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले, दाढीही तशीच.

आता दोघं जोडीनं फिरतात. रजिस्टरही सामाईक झालंय आणि ताज्या पानावर 'पैठणी, जुनी, काठ शाबूत' अशी नोंद आहे. काकूंनी कपाटाची किल्ली भावाकडे साताऱ्याला पाठवून दिली आहे.