शेजाऱ्यांच्या खांद्यावरची दाढ

दाढ पडली की माणूस आधी आरशासमोर उभा राहून हसून बघतो. फट दिसली नाही की प्रकरण मिटले. ‘मागचीच तर होती, कुणाला दिसतेय?’ हा युक्तिवाद भिंगारपासून नगरपर्यंत बिनतोड मानला जातो. तोच माणूस पुढचा दात पडला आणि घरात लग्न निघाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचे शटर उघडायच्या आत हजर असतो. थोडक्यात, आपण दात सांभाळतो ते फोटोसाठी. आणि हुरडा, शेंगदाणे नि बाजरीची भाकरी मात्र न दिसणाऱ्या दाढांवर सोपवून मोकळे होतो. माझे म्हणणे सरळ आहे. चघळण्याचा भार वाहणारी दाढ गेली असेल तर ती जागा तशीच सोडू नये, आणि ती भरायला दोन्हीकडच्या दातांवर बसवलेला ब्रिज हा आजही पुष्कळ तोंडांसाठी शहाणपणाचा सौदा आहे. अट एकच, शेजारी बघून घ्यावेत.

पडलेल्या दाढेची जागा रिकामी राहते हा गैरसमज आहे. शेजारची दाढ हळूहळू त्या बाजूला कलंडते, समोरच्या जबड्यातली दाढ आधार गेल्यामुळे बाहेर सरकते, फटींत अन्न अडकते आणि खालचे हाड झिजत जाते. सगळे इतके सावकाश चालते की मालकाला पत्ता लागत नाही. तो एका बाजूने चावत राहतो आणि त्या बाजूच्या दाढांची झीज वाढवतो. यात सर्वांत वाईट नशीब साधारण सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेचे. पुढचे दुधाचे दात पडत असतात, त्या गडबडीत घरचे हिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडेल, नवी येईल’ म्हणून किडू देतात. नवी येत नाही. कीड लावणाऱ्या गोडाचे म्हणाल तर आपल्या नगर जिल्ह्याने दोन्ही टोकांची सोय केली आहे: लोणीच्या परिसरात आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याच लोणीत दंत महाविद्यालयही निघाले. इतकी दूरदृष्टी नियोजन आयोगालाही जमली नसती.

ब्रिजवरचा पहिला आक्षेप दमदार आहे. एक दाढ गेली तर दोन्ही बाजूंच्या धडधाकट दातांना घासून कॅप का चढवायची? गुन्हा एकाचा, शिक्षा शेजाऱ्यांना! आक्षेप खरा आहे, कारण घासलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. म्हणून शेजारी अगदी निरोगी असतील तर इम्प्लांटचा विचार आधी करावा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हापासून हा मार्ग मोकळा आहे. पण त्याला पुरेसे हाड लागते, आटोक्यातला मधुमेह लागतो, काही महिन्यांचा धीर लागतो आणि खिसाही लागतो. उलट शेजारच्या दाढांत आधीच मोठे सिमेंट भरलेले असेल किंवा रूट कॅनाल झालेले असेल, तर त्यांना कॅप हवीच असते. तेव्हा मधला दात त्याच कामात बसतो, म्हणजे एका दगडात तीन पक्षी.

दुसरा आक्षेप असा की ब्रिज टिकत नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकावर इंग्रजांच्या काळचा झुलता पूल आहे; तो मधल्या फळ्यांच्या नव्हे, दोन्ही काठांच्या बळावर तोलला जातो. तोंडातही हिशेब तोच. कॅनडाच्या आन्टे यांनी 1926 मध्ये नियम मांडला की आधार देणाऱ्या दातांच्या मुळांची हाडातली पकड, गेलेल्या दातांच्या मुळांइतकी तरी असावी. आजचे दंतवैद्य हा नियम दगडावरची रेघ मानत नाहीत, पण हलणाऱ्या दोन दातांवर चार दातांचा संसार मांडणाऱ्याला तो अजूनही वेळेवर शहाणा करू शकतो. ब्रिज फसतो तो बहुधा कॅपच्या कडेला कीड लागून किंवा हिरड्या सुजून, कारण मधल्या दाताखालून दोरा फिरवायचा असतो हे आपण दवाखान्याच्या पायरीवरच विसरतो. झोपेत करकरा दात खाणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. औरंगजेबाने दख्खनवर पंचवीस वर्षे दात-ओठ खाल्ले आणि 1707 साली भिंगारलाच डोळे मिटले. दात-ओठ खाऊन मुलूख मिळत नाही, दात मात्र झिजतात.

उरला खर्च. आज दाढ बसवणे टाळून वाचवलेले पैसे पुढे कलंडलेल्या, बाहेर सरकलेल्या आणि झिजलेल्या दातांवर व्याजासकट भरावे लागतात. लोणीला किंवा संगमनेरला दंत महाविद्यालय आहे, आणि अशा शिकवणीच्या रुग्णालयांत खर्च सहसा कमी येतो. तेव्हा दाढ पडली असेल तर वर्षभर आरशाला विचारत बसू नका. एक्स-रे काढा, शेजाऱ्यांची तब्येत विचारा, आणि ब्रिज बसवलात तर रोज रात्री त्याखालून दोरा फिरवा. चणे बाजारात मुबलक आहेत. दातांची व्यवस्था आपली आपण करायची आहे.